‘माहीत नाही’चे गणित : काळ्या अंगरख्यापासून हिमस्खलनाच्या नकाशापर्यंत

दीर्घ धागा. विषय प्रथमदर्शनी गणिताचा वाटेल. मुळात तो साक्षीपुराव्याचा आहे, म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या घरचाच. आकडे थोडेच येतील आणि जे येतील ते बेरीज-गुणाकारापलीकडे जाणार नाहीत.

भर गर्दीत एका माणसाचा तलवारीने खून होतो. मारेकऱ्याच्या अंगावर काळा अंगरखा होता, असे विश्वसनीय साक्षीदार सांगतात. तपासात आढळते की, त्या गर्दीत ग्राकस आणि आणखी तिघे, असे चौघेच काळ्या अंगरख्यात होते. पुढे उलटतपासणी चालू असताना ग्राकसचा चेहरा पांढराफटक पडतो. ग्राकस दोषी आहे, हे किती खात्रीने म्हणावे?

हे उदाहरण बाझेलचा गणिती याकोब बेर्नूली याच्या ‘आर्स कॉन्जेक्टांडी’ या ग्रंथातले आहे. बेर्नूली १७०५ साली वारला. ग्रंथ १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला. संभाव्यताशास्त्राच्या इतिहासात या ग्रंथाचे नाव निघते ते ‘मोठ्या संख्यांच्या नियमा’साठी. त्याच्याच चौथ्या भागात, त्या नियमाच्या थोडे अलीकडे, हा खुनाचा खटला आहे आणि तिथे सहसा कुणी थांबत नाही.

बेर्नूली म्हणतो, हे दोन पुरावे जातीनेच वेगळे आहेत. काळ्या अंगरख्याचा पुरावा ‘मिश्र’ आहे. चौघांपैकी एक दोषी असल्याने तो ग्राकसच्या दोषाला १/४ बळ देतो आणि उरलेले ३/४ बळ त्याच्या निर्दोषत्वाला देतो, कारण अंगरखेवाला मारेकरी ग्राकस नसेल तर दुसरा कुणी तरी असलाच पाहिजे. चेहरा पांढरा पडणे हा मात्र ‘शुद्ध’ पुरावा. मनातल्या अपराधामुळे तो पांढरा पडला असेल तर दोष सिद्ध होतो. पण भीतीने, आजाराने वा अन्य कारणाने पडला असेल तर त्यातून निर्दोषत्व सिद्ध होत नाही. काहीच सिद्ध होत नाही. निर्दोष माणूस घाबरतो, तसा दोषी माणूसही आजारी पडू शकतो.

समजा, या पांढऱ्या चेहऱ्याचे बळ आपण २/५ मानले. मग उरलेले ३/५ कुणाच्या पारड्यात टाकायचे? शाळेत शिकलेली संभाव्यता म्हणते, विरुद्ध बाजूच्या. बेर्नूली म्हणतो, कुणाच्याही नाही. ते ३/५ म्हणजे निव्वळ अज्ञान. पुढे अडीचशे वर्षांनी ज्याला ‘विश्वास-फलनांचा सिद्धांत’ असे नाव मिळाले, त्याचे बीज एवढेच.

बेर्नूलीचा ग्रंथ छापून येण्याच्या १४ वर्षे आधी, १६९९ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निनावी निबंध आला होता. मानवी साक्षीच्या विश्वासार्हतेचा हिशेब, असा त्याचा विषय. तो जॉर्ज हूपर या धर्मोपदेशकाचा मानला जातो. हाच पुढे बिशप झाला. हूपरने साक्षींचे दोन प्रकार केले. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी असेल तर बळ घटत जाते. प्रत्येकाची विश्वासार्हता ५/६ धरली तर दोघांच्या साखळीअखेर ती २५/३६, म्हणजे सुमारे ०.६९ उरते. तेच दोघे स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगत असतील तर बळ वाढते: ३५/३६, म्हणजे सुमारे ०.९७. ऐकीव बातमी आणि स्वतंत्र दुजोरा यांतला फरक इतक्या सुटसुटीतपणे मांडलेला मला तरी अन्यत्र दिसलेला नाही.

(त्याच वर्षी जॉन क्रेग नावाच्या स्कॉटिश गणित्याने साखळीतल्या घटीचा हिशेब थेट बायबलला लावला आणि इसवी सन ३१५० च्या सुमारास ख्रिस्तकथेवरील विश्वास शून्यावर येईल, असा निष्कर्ष काढला. गणिताला कुठे थांबवावे, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.)

बेर्नूलीचे एक काम अर्धवट राहिले होते. पुरावे एकमेकांना छेद देत असतील तर? एक दोषाकडे बोट दाखवतो, दुसरा निर्दोषत्वाकडे. त्याचा एकत्रीकरणाचा नियम इथे लंगडा पडत होता. १७६४ मध्ये योहान हाइनरिश लाम्बर्टने ‘नोयेस ऑर्गानोन’ या ग्रंथात तो दुरुस्त केला. पाय ही संख्या अपरिमेय असल्याची सिद्धता देणारा लाम्बर्ट तो हाच. त्याचा नियम असा: जे संयोग परस्परविरोधी, म्हणून अशक्य, ते वगळा आणि उरलेल्यांचा हिस्सा नव्याने एकावर आणा. नियम नीट होता. पण काळ त्याच्या बाजूने नव्हता. बेझ आणि लाप्लास यांची संभाव्यता पुढे गेली. तिच्यात प्रत्येक गोष्टीची संभाव्यता आणि तिच्या विरुद्ध गोष्टीची संभाव्यता मिळून १ व्हावीच लागते. ‘माहीत नाही’ला तिथे वेगळी जागा नाही, माहीत नसेल तर अर्धे-अर्धे वाटून टाकायचे.

गणिताने ज्याला जागा दिली नाही त्याला कायद्याने दिली, हे मात्र आवर्जून नोंदवावेसे वाटते. १८७२ चा भारतीय पुरावा अधिनियम जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने घडवला. त्याच्या तिसऱ्या कलमात वस्तुस्थितीच्या दोन नव्हे, तीन अवस्था आहेत: शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेली. जी शाबीतही नाही आणि नाशाबीतही नाही, ती तिसरी. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही त्रिविध व्याख्या कायम आहे. ग्राकसचा पांढरा चेहरा आपल्या न्यायालयात आला तर तो कुठल्या खान्यात बसेल, हे वाचकांनीच ठरवावे.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. १९६७ मध्ये हार्वर्डचा संख्याशास्त्रज्ञ आर्थर डेम्पस्टर याने वरच्या आणि खालच्या संभाव्यतांवर एक शोधनिबंध लिहिला. लेखन अवघड, वाचक मोजके. त्यातले सोने ग्लेन शेफरने ओळखले आणि १९७६ मध्ये ‘पुराव्याचा गणिती सिद्धांत’ या आशयाच्या शीर्षकाचा ग्रंथ प्रिन्स्टनहून प्रसिद्ध केला. शेफरची मांडणी सोपी होती. तज्ज्ञाकडे एकूण १ एवढा भार आहे. तो त्याने ‘अ’वर ठेवावा, ‘ब’वर ठेवावा किंवा ‘अ अथवा ब, सांगता येत नाही’ यावर ठेवावा. या शेवटच्या खान्यातला भार फोडून वाटण्याची सक्ती नाही. मग कोणत्याही विधानाला दोन आकडे मिळतात: त्याच्या बाजूने थेट उभा असलेला भार म्हणजे विश्वास, आणि त्याच्या विरोधात न गेलेला सगळा भार म्हणजे शक्यतेची कमाल मर्यादा. दोहोंमधले अंतर म्हणजे आपले अज्ञान.

शेफरबद्दल आदर वाटावा असे आणखी एक कारण आहे. १९७८ मध्ये त्याने बेर्नूली आणि लाम्बर्ट यांच्या या विस्मृत प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि लाम्बर्टचा नियम हा डेम्पस्टरच्या नियमाचाच एक विशेष प्रकार असल्याचे दाखवले. स्वतःच्या सिद्धांताचे पूर्वज शोधायला निघालेला गणिती विरळाच.

सिद्धांत नीट उभा राहतो न राहतो तोच १९७९ मध्ये बर्कलीच्या लोटफी झादे यांनी एक प्रश्न टाकला. एका रुग्णाला दोन वैद्य तपासतात. पहिला म्हणतो: मेंदूज्वर ०.९९, गाठ ०.०१. दुसरा म्हणतो: डोक्याला मार ०.९९, गाठ ०.०१. डेम्पस्टरच्या नियमाने जोडा. दोघांचे एकमत फक्त गाठीवर, तेही ०.०१ × ०.०१, म्हणजे ०.०००१. बाकी ०.९९९९ भार परस्परविरोधी, म्हणून बाद. उरलेला ०.०००१ पुन्हा १ वर आणला की उत्तर येते: गाठ, शंभर टक्के खात्रीने! दोन्ही वैद्यांनी जिला जवळपास बाजूला सारले होते, तीच आता संशयातीत.

या उदाहरणाने जी धूळ उडाली ती आजही पूर्ण बसलेली नाही. ब्रसेल्सचे फिलिप स्मेट्स स्वतः वैद्यकाचे पदवीधर. त्यांनी विरोधाचा भार बाद न करता वेगळा दाखवून ठेवावा, असे सुचवले; कदाचित खरे उत्तर आपल्या यादीतच नसेल. रोनाल्ड येगर यांनी १९८७ मध्ये तो सगळा ‘माहीत नाही’च्या खात्यात टाकला. फ्रान्सचे झाँ देझेर आणि न्यू मेक्सिकोचे फ्लोरेंटिन स्मारान्डाके यांनी २००० नंतरच्या दशकात म्हटले, नियमच सदोष आहे. ज्या दोन मतांमुळे विरोध उपजला त्यांनाच तो त्यांच्या प्रमाणात परत द्या.

माझे मत विचाराल तर झादेंचे उदाहरण नियमापेक्षा वैद्यांबद्दल अधिक सांगते. दोघेही ‘माझे चुकत असेल’ याला एक कणही जागा देत नाहीत. शेफरच्या ग्रंथातच यावर उपाय होता: साक्षीदार जेवढा अविश्वसनीय, तेवढी वजावट करून तो भार अज्ञानाकडे वळवावा. प्रत्येक वैद्य ०.९ इतकाच विश्वसनीय मानून तोच हिशेब करा. मेंदूज्वर ०.४७, मार ०.४७, अज्ञान ०.०५ आणि गाठ जेमतेम ०.०१. चमत्कार नाहीसा झाला. अर्थात हा ०.९ कुणी ठरवायचा, हा प्रश्न उरतोच आणि त्याला गणिताकडे उत्तर नाही.

आता धाग्याचे दुसरे टोक. पुरावा एका प्रश्नाचा नसून अनेक निकषांचा असेल तेव्हा काय करावे? १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली नोकरीच्या एका प्रस्तावावर अडखळला होता. बेंजामिन फ्रँकलिनने त्याला पत्रातून युक्ती कळवली: कागदाचे दोन भाग करा, एकीकडे अनुकूल कारणे, दुसरीकडे प्रतिकूल, तुल्यबळ कारणे एकमेकांसमोर खोडत जा. या युक्तीचे प्रगत रूप थॉमस साटी या मोसुलमध्ये जन्मलेल्या गणित्याने १९७० च्या दशकात बांधले. साटी त्याआधी अमेरिकेच्या शस्त्रनियंत्रण विभागात काम करीत असत. त्यांच्या पद्धतीत निकषांची उतरंड रचायची, मग प्रत्येक जोडीची १ ते ९ या मापावर तुलना करून त्यांची वजने काढायची. पद्धत सुटसुटीत असल्याने जगभर पसरली. पण तिची एक सक्ती आहे: तज्ज्ञाने आकडा द्यायलाच हवा. ‘या जोडीबद्दल मला सांगता येत नाही’ हे उत्तर तिच्या तक्त्यात बसत नाही.

हे उत्तर बसले नाही तर बिघडते काय, हे समजायला आल्प्सकडे वळावे लागेल.

फेब्रुवारी १९९९. आल्प्समध्ये दिवसेंदिवस बर्फ कोसळत होते. ९ तारखेला फ्रान्समधील शामोनीजवळच्या मोंत्रोक या वस्तीवर हिमस्खलन आले आणि १२ माणसे मेली. २३ तारखेला ऑस्ट्रियातील गाल्ट्यूर गावात ३१ बळी गेले. गाल्ट्यूरला हिमलोट ज्या भागात शिरला तो धोक्याच्या नकाशावर हिरवा, म्हणजे सुरक्षित होता. मोंत्रोकचे प्रकरण न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये शामोनीच्या महापौरांना सदोष मनुष्यवधाबद्दल निलंबित कारावासाची शिक्षा झाली. नकाशावर रंग भरणारे तज्ज्ञ, त्या रंगावर विसंबून घर बांधणारा नागरिक आणि गाव रिकामे करायचे की नाही हे ठरवणारा महापौर, अशी ही साखळी आहे. हूपर असता तर त्याने आधी तिची लांबी मोजली असती.

फ्रान्समध्ये १९९५ च्या कायद्यानंतर असे नकाशे तीन रंगांत निघतात: लाल भागात बांधकाम बंद, निळ्यात अटींसह, पांढऱ्यात मोकळीक. कागदावर रंग स्वच्छ दिसतो. पण त्यामागे काय असते? जुन्या दप्तरातली एखादी त्रोटक नोंद, एखाद्या म्हाताऱ्या रहिवाशाची आठवण, उताराचे मोजमाप, संगणकी प्रतिरूप आणि डोंगर पाहून आलेल्या अभियंत्याचा अंदाज. कुठे ठाम आकडा, कुठे ‘दोन ते चार मीटरच्या दरम्यान’, कुठे मौन. रंग भरताना हे सारे तारतम्य लुप्त होते.

ग्रेनोब्लच्या सेमाग्रेफ या संशोधन संस्थेत (आज ती ‘इनरे’ या राष्ट्रीय संस्थेचा भाग आहे) झाँ-मार्क ताकने यांनी नेमका हा प्रश्न हाती घेतला. २००९ मध्ये त्यांनी यावर प्रबंध सादर केला. पुढच्या कामात देझेरही सहभागी झाले. पद्धतीचा सांगाडा साटीचा, आतले मांस शेफरचे. निकषांची उतरंड तशीच, पण प्रत्येक निकषावर तज्ज्ञाने आकड्याऐवजी भारांची वाटणी द्यायची आणि त्यात ‘सांगता येत नाही’चा खाना खुला. आधी एकेका निकषावर सगळ्या तज्ज्ञांची मते जुळवायची, मग निकष एकमेकांशी.

एक छोटा, माझा रचलेला हिशेब करून पाहू. दप्तरखान्यात बसणारा पहिला तज्ज्ञ एका वस्तीबद्दल म्हणतो: धोका ०.६, बाकी ०.४ माहीत नाही. उताराचे मोजमाप घेणारा दुसरा म्हणतो: सुरक्षित ०.५, बाकी ०.५ माहीत नाही. भारांचा गुणाकार करा. धोक्याला ०.३० मिळतात, सुरक्षिततेला ०.२०, अज्ञानाला ०.२० आणि उरलेले ०.३० थेट विरोधात सापडतात.

त्या ०.३० चे काय करायचे? डेम्पस्टर ते वगळून बाकीचे वाढवतो. धोक्यावरचा विश्वास ०.४३ होतो. येगर ते अज्ञानात टाकतात, विश्वास ०.३० वरच थांबतो, पण शक्यतेची कमाल मर्यादा ०.८० पर्यंत जाते. देझेर-स्मारान्डाके ते दोघांत ६:५ या प्रमाणात परत वाटतात, विश्वास ०.४६. पुरावा तोच, साक्षीदार तेच, उत्तरे तीन. नियम निवडणे हासुद्धा निर्णयच आहे. तो संगणकाच्या पोटात लपवून ठेवता येत नाही. याउलट जुन्या रीतीने दोघांचे अज्ञान अर्धे-अर्धे वाटून सरासरी काढली असती तर धोका ०.५२५ आला असता. एकच स्वच्छ आकडा, आणि दोघे तज्ज्ञ एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत याचा मागमूसही नाही.

ताकने, देझेर आणि स्मारान्डाके यांनी २०१० मध्ये आणखी एक बारीक भेद मांडला. साक्षीदार विश्वसनीय असणे आणि निकष महत्त्वाचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराच्या रंगाबद्दल छातीठोक सांगणारा माणूस पूर्ण विश्वसनीय असू शकतो. पण हिमस्खलनाच्या प्रश्नात घराच्या रंगाला महत्त्व नाही. आधीच्या पद्धती दोन्ही उणिवांना एकच वजावट लावत. तसे केले की, बिनमहत्त्वाचा निकष उगाचच अज्ञान वाढवल्यासारखा दिसतो. म्हणून त्यांनी दोन्हींसाठी वेगळी वजावट योजली.

या सगळ्यात एक जागा कच्ची आहे आणि ती इतिहासाच्या वाचकाला चटकन दिसेल. डेम्पस्टरचा नियम साक्षीदार स्वतंत्र आहेत असे गृहीत धरतो. बखरींचा अभ्यासक जाणतो की, एकाच मूळ प्रतीवरून उतरवलेल्या दोन बखरी म्हणजे दोन साक्षीदार नव्हेत. डोंगरातही तेच. दोघा तज्ज्ञांनी आपापले मत एकाच जुन्या नकाशावरून बनवले असेल, तर हूपरचा ३५/३६ वाला वाढीव हिशेब फसवा ठरतो. ५/६ च्या पुढे आपण गेलेलोच नसतो. अशा परावलंबी साक्षींसाठी वेगळे, सावध नियम सुचवले गेले आहेत; पण कोण कुणावर अवलंबून आहे, हे शोधायला दप्तरेच उघडावी लागतात.

शेवटी महापौराला रंग हवा असतो, मध्यंतर नको. स्मेट्स यांनी म्हणूनच दोन पातळ्या केल्या होत्या. विचार करताना अज्ञान जसेच्या तसे जपायचे. निर्णयाची घडी आली की मगच ते वाटून एक आकडा काढायचा. त्या वाटणीला त्यांनी लॅटिन ‘पिग्नस’वरून नाव दिले. पिग्नस म्हणजे पैजेपोटी ठेवलेली वस्तू. आपल्या उदाहरणात डेम्पस्टरच्या नियमाने धोका ०.४३, सुरक्षित ०.२९, अज्ञान ०.२९ येते, पैजेच्या घडीला धोक्याचा आकडा ०.५७ होतो. महापौराच्या मेजावर हा ०.५७ जाईल. त्याच्या शेजारी ते विरोधाचे ०.३० लिहिलेले असतील तर तो दोन्ही तज्ज्ञांना पुन्हा एकदा एकाच खोलीत बोलावू शकेल आणि एकाच्या दप्तरातली नोंद दुसऱ्याच्या मोजमापापुढे ठेवू शकेल; बर्फ अजून पडायचे असेल तर.